हातभर भिंत

कुसगावचा अंबाजी लोणावळ्याच्या बंगल्यांना रंग द्यायचा. चुन्यात पिवडीची पिवळी माती, गेरू, नीळ कालवून भिंती रंगवणारे तेव्हा दहा-बारा जण होते, पण अंबाजीची एक खोड होती. बाकीचे रंगारी खोली रिकामी करून मागत. हा म्हणायचा, "आदी सामान लावा, पडदं सोडा. मग मी रंग सांगतो." मुंबईचे मालक हसत. पण त्यानं सांगितलेला रंग लागला की जुन्या खुर्च्यासुद्धा उजळ दिसत, आणि पुढच्या हंगामात तेच मालक त्याला निरोप धाडत.

सन छत्तीसच्या दिवाळीनंतर गंगाधर खरे नावाचे गृहस्थ त्याला शोधत आले. पुण्याला कचेरीत कारकून. बायकोला, वासंतीला, क्षय झालेला. डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून रजा काढून त्यांनी एका बंगल्याच्या आवारातली खोली भाड्यानं घेतली होती.

"खोलीला नीळ दिलीय. तिला ती सोसवत नाही," ते म्हणाले. "येऊन एकदा बघाल का?"

क्षयाचं घर म्हटल्यावर अंबाजीची बायको झुंबरबाई दारात आडवी आली. "तितं जायाचं न्हाई," म्हणाली. तरी अंबाजी गेला.

शिसवी पलंगावर वासंती उशांना टेकून बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल. पलंग माहेरचा, समोरचा आरसाही माहेरचा. पायांवर डाळिंबी आणि हिरव्या तुकड्यांची गोधडी, आईच्या लुगड्यांची शिवलेली.

"या रंगात आरशात बघितलं ना, की मी आधीच गेल्यासारखी दिसते," ती म्हणाली.

गंगाधर बाहेर निघून गेले. अंबाजी भुईवर बसला आणि बराच वेळ पलंगाकडे, गोधडीकडे आणि तिच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं करवंट्यांत रंग कालवून आणले. पलंगासमोरच्या भिंतीवर पिवडीचा पंजाएवढा ठिपका दिला. वाळल्यावर शिसवीला तो खुलला, पण तिचा चेहरा आणखी फिकट वाटायला लागला. गुलाबी दिला, तर गोधडी भडक दिसायला लागली.

"ताई, चुना ओला असताना खोटं बोलतो," अंबाजी म्हणाला. "वाळल्याबिगर काय खरं न्हाई. सकाळी बघा, दुपारी बघा, मग सांगा."

त्याचीच तिला करमणूक झाली. गादीवर पडल्या पडल्या ती ठिपक्यांकडे बघायची आणि तो आला की हिशेब सांगायची, हा उन्हात बरा, तो ढग आल्यावर मळका. आठव्या दिवशी अंबाजीनं चुन्यात पिवडी, चिमूटभर गेरू आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढी काजळी घातली. वाळल्यावर तो रंग तापवून मुरलेल्या सायीसारखा झाला. पलंगाचा काळेपणा निवला, गोधडीतला डाळिंबी उठून दिसला, आणि आरशात तिच्या गालांवर थोडी ऊब आली.

"हाच," वासंती म्हणाली.

पण डॉक्टर म्हणाले, चार भिंती एकदम ओल्या केल्या तर तो दमटपणा तिच्या छातीला बाधेल. दुसरी खोली नव्हती. अंबाजीनं वाट काढली. रोज सकाळी यायचं, नीळ खरवडायची, हातभर भिंत रंगवायची आणि खिडक्या उघड्या टाकून निघून जायचं. उरलेला दिवस तो दुसरीकडे काम करी. रंग रोज नव्यानं कालवावा लागे, आणि वाळल्यावर कालचा तुकडा आधीच्या भिंतीशी जुळला नाही तर तो खरवडून पुन्हा लावी.

"अंबाजी, चारी भिंती कधी होतील?" तिनं एकदा विचारलं.

"माघापातुर व्हतील ताई."

गंगाधरांनी मान फिरवली.

समोरची भिंत पुरी झाली. खिडकीकडची निम्मी झाली. पौषात तिला रक्ताची उलटी झाली, आणि त्यानंतर अंबाजी आला की ती डोळे उघडून फक्त बोटानं दाखवायची, इथून पुढे. एका सकाळी तो करवंटी घेऊन आला तर अंगणात माणसं उभी होती. पहाटेच गेली होती ती.

बाराव्या दिवशी बंगल्याचा राखणदार भिमाजी कुसगावला आला. "मालकाचं पत्र आलंय. खोली खरवडून पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यायचे. सगळ्या भिंती. चैत्रात नवीन बिऱ्हाड यायचंय."

"दुसरं कुणी बघ."

"दुसरं कुणी त्या खोलीत पाय ठेवंना, अंबाजी."

तो गेला. पलंग कुणी घेईना म्हणून परसात मोडून टाकला होता. गोधडी डॉक्टरांच्या सांगण्यावरून जाळली होती. गंगाधर ओट्यावर बसून होते. अंबाजीनं खरवडायची पट्टी काढली तसे ते आत आले.

"समोरचा एवढा तुकडा ठेवता येईल का?"

अंबाजीनं भिमाजीकडे बघितलं. भिमाजी खाली बघत म्हणाला, "रावसाहेब, मालक माझी चाकरी घालवतील."

रंग भिंतीला चिकटून राहावा म्हणून घातलेला सरस चांगला मुरला होता. भिंत सहज सुटत नव्हती. दुपारपर्यंत अंबाजी खरवडत राहिला, आणि गंगाधर तितकाच वेळ दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. संध्याकाळच्या गाडीनं ते पुण्याला गेले. त्यांचं पुढं काय झालं ते लोणावळ्यात कुणाला कळलं नाही.

अंबाजी क्षयाच्या खोलीत दोन महिने जात होता ही गोष्ट मात्र सगळ्यांना कळली. पुढच्या हंगामात एकाही बंगल्याचा निरोप आला नाही. तो स्वतः दोन-तीन फाटकांशी जाऊन आला. आतून सांगितलं, काम नाही. कुसगावातही लोक त्याला तांब्या वेगळा ठेवू लागले.

"मी सांगितलं व्हतं," झुंबरबाई म्हणाली. एकदाच म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून चुलीपुढे बसली.

पुढं लढाई लागली. अंधारात लष्करी गाड्यांना दिसावं म्हणून घाटरस्त्याच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारायचं काम निघालं, तिथं अंबाजीला घेतलं. एका झाडाला दोन पट्टे. रंग कालवायचा नाही, वाळायची वाट बघायची नाही. चार वर्षं त्यानं तेच केलं. बरोबरच्या नथूला त्यानं कधी सांगितलंही नाही, की आपण बंगले रंगवत होतो. चव्वेचाळीसच्या वैशाखात वलवणजवळ काम करता करता त्याला ताप भरला. नथूनं त्याला बैलगाडीत घालून घरी पोचवलं. सहाव्या दिवशी तो गेला.

झाडांचं काम नथूनं एकट्यानं पुरं केलं.