मुरुड सोडून कुठंही: जुन्या गाडीतून नांदेड ते लातूर

"कुठं बी न्या, पण मुरुडच्या रस्त्याला जायचं न्हाई." नानांनी आमच्याबरोबर यायला होकार दिला तो या एका अटीवर.

मुरुड आमच्या बेतात नव्हतंच. नाताळच्या सुट्टीत नांदेडहून निघायचं, कंधारचा किल्ला बघायचा, अहमदपूरवरून लातूर गाठायचं, मग औसा, किल्लारी आणि परत, असा सरळ बेत होता. मुरुड लातूरच्या पलीकडे, दुसऱ्याच दिशेला. त्यामुळे अट मान्य करायला आम्हाला काहीच जड गेलं नाही.

नाना माझे सासरे, आता आमच्याकडेच राहतात. उमरीला त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, सप्ताह, निवडणूक, काहीही असो, भोंगे यांचेच. ते भोंगे वाहणारी जुनी डिझेल व्हॅन धंदा बंद झाल्यावर बरीच वर्षं अंगणात उभी होती. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, तिच्यात दोन बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि एक छोटं बेसिन बसवलं. पडदे मी शिवले. वायरिंगला मात्र नानांनी हात लावू दिला नाही. "चालून राहिली ना? मग कशाला खोलता?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मुरुडचं काय प्रकरण आहे ते सुधीरने मला आधीच सांगून ठेवलं होतं. या धंद्यात नानांचे एक भागीदार होते, मुरुडचे वीरभद्रआप्पा. नाना बोलणार, बुकिंग घेणार, आणि आप्पा तारा जोडणार. ही गाडी दोघांनी मिळून घेतली. पुढे आप्पांचे वडील आजारी पडले, त्यांना गावी परत जावं लागलं, आणि गाडी मुरुडला न्यायची की उमरीला ठेवायची यावरून बिनसलं. गाडी उमरीत राहिली. आप्पा मांडीवर एक ॲम्प्लिफायर घेऊन एसटीने गेले. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. सुधीर तेव्हा शाळेत होता, आता त्याचे केस पिकले आहेत.

पहिल्या दिवशी लोह्याला गाडी थांबवून सुशीला खाल्ली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार आहे. हिरवी मिरची सढळ हाताने असते, तेव्हा चहा आधीच सांगून ठेवा. मोठा रस्ता आता छान झाला आहे. कंधारच्या फाट्याला वळलात की मात्र खड्डे चुकवत जावं लागतं. किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे, आत सावली बरी आहे आणि गर्दी अजिबात नाही. नानांनी एका कमानीखाली उभं राहून "हॅलो, माइक टेस्टिंग" असं खणखणीत म्हटलं. आवाज घुमतो का ते बघायचं होतं म्हणे.

परत येऊन सुधीरने चावी फिरवली, तर गाडी ढिम्म.

जुन्या गाडीच्या नादाला लागलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. चावी फिरवल्यावर 'टक्' आवाज येऊन सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरत नसेल तर बहुधा बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. आवाजच येत नसेल, आणि हॉर्न मात्र ठणठणीत वाजत असेल, तर चावीपासून सेल्फपर्यंत जाणारी बारीक वायर आधी बघावी. हे मला माहीत होतं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. पण सुधीरने या विषयावरचे इतके व्हिडिओ पाहिले आहेत की त्याच्यापुढे माझं काय चालणार! त्याने शेगडीवर पाणी तापवलं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी धुतली, पॉलिश पेपर मारला आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पुढचे कितीतरी किलोमीटर त्याने मला रसायनशास्त्र शिकवलं.

अहमदपूरला चहा प्यायलो आणि गाडी पुन्हा ढिम्म. आता धुवायला टर्मिनल उरलं नव्हतं. टपरीवरची माणसं न बोलावता उठून धक्का मारायला गाडीमागे आली.

"म्हाताऱ्या माणसाला खाली उतरवा की," एकजण म्हणाला.

"बसू दे बसू दे," दुसरा म्हणाला. "लई वजन न्हाई त्येंचं."

नाना आत बसून होते. निवडणुकीत उभे असल्यासारखे सरळ समोर बघत होते. गाडी धक्क्यावर सुरू झाली ती तशीच गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने सेल्फ खोलला, आतले कार्बन ब्रश झिजलेत म्हणून बदलले आणि चावी फिरवून दाखवली. गाडी सुरू! कार्बन खरंच झिजले होते, त्यात त्याची काही चूक नाही. फक्त दुखणं ते नव्हतं.

लातूरला औसा रोडवर एका मंगल कार्यालयाच्या आवारात, वॉचमनकाकांच्या परवानगीने, मुक्काम केला. शहरात कॅम्पर घेऊन येणाऱ्यांना ही युक्ती सुचवेन. लग्न नसेल त्या दिवशी अशा जागी पाणी, संडास आणि शांतता, तिन्ही मिळतं.

सकाळी शांतता जरा जास्तच होती. रस्त्यावर रिक्षा नाही, शटर उघडं नाही, दूधवाला नाही. गाडी अर्थातच सुरू होत नव्हती. सुधीर मिस्त्री शोधायला गेला आणि हात हलवत परत आला. तेवढ्यात वॉचमनकाका डोक्यावर गाठोडं घेऊन गेटकडे निघाले.

"आज येळवस हाय ताई," ते म्हणाले. "आज लातुरात कुत्रं बी घावणार न्हाई. समदे शेतात. मी बी चाललाव. जाताना गेट तेवढं लावून घ्या."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मी मूळची अकोल्याची, मला हा सण नावापुरताच माहीत. या दिवशी या भागात अख्खं शहर आपापल्या नाही तर ओळखीपाळखीच्या शेतात जेवायला जातं. सुधीरला सगळं माहीत होतं, फक्त त्याने कॅलेंडर बघितलं नव्हतं. नानांनी बघितलं होतं की नाही कोण जाणे.

मग मीच बाह्या सरसावल्या. इंडिकेटरचा एक बल्ब काढून त्याला दोन वायरी जोडल्या की झाला टेस्ट लॅम्प. सुधीरला चावी फिरवून धरायला सांगितली. चावीच्या मागे बल्ब लागला, सेल्फच्या तोंडाशी लागला नाही. म्हणजे करंट मध्येच कुठेतरी हरवत होता. मधली वायर प्लायवूडच्या मागे एका जुडग्यात शिरत होती, आणि त्या जुडग्यातली एकूण एक वायर लाल.

"नाना, सगळ्या वायरी एकाच रंगाच्या कशा?"

"मांडवाची वायर हाय ती. बंडल उरलं व्हतं."

"टाकली कुणी?"

नानांनी पेपर उघडला. तो कालचा होता.

उरला एकच उपाय. गाडीखाली आडवं व्हायचं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने सेल्फची दोन टोकं एकमेकांना भिडवायची. वाचकहो, हे करू नका. गिअर चुकून पडलेला असेल तर गाडी अंगावरून जाते. मी न्यूट्रल स्वतः तपासलं, चाकांना दगड लावले आणि मग खाली शिरले. निळा लखलखाट झाला, इंजिन सुरू झालं आणि माझी दोन बोटं भाजली. बाहेर आले तेव्हा केसांत माती, बाहीला भोक आणि डोळ्यांत पाणी होतं. रडू आलंच होतं, लपवत नाही. सुट्टीत मला किल्ले बघायचे होते, सेल्फची खालची बाजू नव्हे.

नाना बेसिनवरची टूथपेस्ट घेऊन खाली उतरले. माझ्या बोटांना ती लावताना ते गेटकडे बघत होते.

"मुरुडला घे," ते म्हणाले. "तारा आप्पानं टाकलेल्या हायेत. त्योच सांगल."

सुधीर म्हणाला, "असं न कळवता कसं जायचं नाना, इतक्या वर्षांनी?"

"आज येळवस हाय. आज कुणाच्या बी शेतात जाता येतं. बोलवावं लागत न्हाई."

इंजिन बंद न करता आम्ही निघालो. लातूर-मुरुड रस्ता त्या दिवशी पूर्ण मोकळा होता. दोन्ही बाजूंच्या शेतांत कडब्याच्या कोपी, म्हणजे छोट्या खोपट्या, उभ्या होत्या, आणि प्रत्येक कोपीभोवती माणसंच माणसं. नानांनी कुणालाही न विचारता वाट सांगितली. एका बाभळीशी वळायचं, मग विहीर. बाभळ आता नव्हती. विहीर होती.

आप्पा कोपीसमोर बसले होते. कृश अंग, पांढरी टोपी, गळ्यात इष्टलिंग. त्यांनी गाडी पाहिली आणि उठून उभे राहिले. नाना उतरले. दोघं एकमेकांपासून बैलगाडी जाईल एवढ्या अंतरावर उभे. आप्पांनी तोंड फिरवलं असतं तर नाना परतीच्या रस्त्याला एक शब्दही बोलले नसते, आणि नंतर कधीच बोलले नसते.

"इंजन बंद करा की," आप्पा म्हणाले. "जेवाया आलाव का पळाया?"

"बंद केलं की चालू होत न्हाई," नाना म्हणाले.

"कव्हापासनं?"

"कालपासनं."

"बरं. जेवा आधी, नारायण."

नानांना नारायण म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. सुधीरने इंजिन बंद केलं.

जेवणाचं वर्णन थोडक्यात करते, नाहीतर हा ब्लॉग संपायचा नाही. भज्जी म्हणजे बेसनात शिजवलेल्या झाडून साऱ्या हिरव्या शेंगा, बाजरीचे उकडलेले उंडे, शेंगदाण्याच्या कुटाची पोळी, आणि मडक्यातलं ज्वारी-ताकाचं गार आंबील. आप्पांच्या सूनबाईंनी मला तीनदा वाढलं आणि भाजलेली बोटं बघून घास भरवू का म्हणून विचारलं. येळवशीला इकडे आलात तर सकाळी काही खाऊ नका. ओळख असायची गरज नाही, बांधावर नुसतं उभं राहा.

हात धुतल्यावर आप्पा गाडीत चढले. चावीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीखाली हात घातला, चाचपला आणि मला बोलावलं. फळीच्या मागच्या अंगाला एक काळं बटण होतं, जुन्या घरांत असायचं तसं. चोर स्विच. चोराने गाडी पळवू नये म्हणून मालक लोक असं बटण लपवून बसवतात. ते बंद असेल तर चावी कितीही फिरवा, सेल्फ हलत नाही. हे बटण चालूच होतं. आतले पॉइंट तेवढे जळून काळे झाले होते, म्हणून जोड कधी लागायचा, कधी नाही.

"हे कव्हा बसवलं?" नाना दारातून म्हणाले. "मला कसं ठावं न्हाई?"

"मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी."

"कशापायी?"

आप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "बंद करून जाणार व्हतो. गाडी बंद पडली की तुला काय कळणार? वायरीतलं ओ की ठो येत न्हाई तुला. मला बोलवाया येशील म्हणलं."

"मंग केलं का न्हाईस बंद?"

"दुसऱ्या दिवशी लग्नाचं बुकिंग व्हतं की. लोकाचं लगीन कसं अडवावं?"

नाना गाडीच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "बंद करायचं व्हतंस, आप्पा." त्यांचा आवाज, भोंग्याशिवाय अर्ध्या उमरीला ऐकू जाणारा, मला जेमतेम ऐकू आला.

आप्पांनी बटण काढलं, दोन्ही वायरींची टोकं पिळून एकत्र केली, वर टेप गुंडाळला. सुधीरने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. जळकं बटण नानांनी खिशात घातलं.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. औशाचा किल्ला सकाळी लवकर बघा. किल्लारीकडे जाताना साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या लागतात, ओव्हरटेक करायची घाई करू नका. किल्लारीला भूकंपानंतर वसलेल्या गावात रस्ते रुंद आणि सरळ आहेत. तिथे चहा घेतला, कुणी धक्का मारायला उठलं नाही. खर्चाचं म्हणाल तर डिझेल सोडून फारसा झालाच नाही.

घरी आल्यावर सुधीरने दोन गोष्टी शिकल्याचं जाहीर केलं. प्रत्येक वायरला चिठ्ठी लावावी, आणि बायकोचं आधी ऐकावं. पहिली त्याने अमलात आणली. माझं विचाराल तर मला किल्ल्यांपेक्षा ते बटणच जास्त आठवतं, बसवलेलं आणि कधीच न दाबलेलं.

काल रविवार. बाजारात जायला गाडी काढली, तर चावीला आवाज नाही. हॉर्न ठणठणीत. सीटमागच्या फळीखाली हात घातला तर दोन लाल वायरींची टोकं सुटी लोंबत होती, आणि टेप नीट गुंडाळी करून शेजारी ठेवलेला होता.

मी बाहेर आले. नाना ओट्यावर बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पायाशी पिशवी.

"सेल्फ घेत न्हाई का?" त्यांनी विचारलं. "मंग आप्पालाच दाखवावं लागल."

जोड द्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी टेप पर्समध्ये टाकला आणि सुधीरला धक्का मारायला हाक मारली.