खिडकीची पैज

रविराज आता हसत हसत कबूल करतो, की आम्रपालीला पहिल्यांदा पाहून त्याला वाटलं होतं, ही पोरगी आठवडाभर टिकली तरी खूप. सांगवीची, कंत्राटावरची, चाकणच्या कंपनीत गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट तपासायला आलेली. आल्या आल्या त्यालाच विचारते काय, तर दिवसाला तीनशे वेळा आपण ‘चेक’ म्हणतो, हा शब्द आला कुठून? घ्या! लाइनचा सुपरवायझर काय खिशात शब्दकोश घेऊन फिरतो होय?

मग तिनंच शोधलं आणि घरी जाताना कंपनीच्या बसभर सांगत सुटली. बुद्धिबळातला आपला शह आणि इंग्रजांचा चेक, दोघांचं मूळ एकच, फारसीतला शाह. शह बसला की राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे आधी अडवणं. तपासणं मागाहून आलं. रविराजला हे काही पटेना; म्हणे तपासणंच आधीचं. पैज लागली: तो हरला, तर बसमधली खिडकीची जागा तिला सोडायची. खिडकी सात वर्षं रविराजची.

आता तिथली रीत ऐका. तासातासाला पीस तपासून चेकशीटवर टिक मारायची असते, पण जेवण झालं की सगळे पाच वाजेपर्यंतच्या टिका मारून मोकळे. आम्रपाली तेवढी मारायची नाही. त्या शुक्रवारी तिचं कंत्राट वाढवायचा कागद रविराजच्या टेबलावर सहीला पडलेला, आणि माल न्यायला गाडी गेटवर उभी. तीन वाजता तिचं भोक मापायचं गेज ब्रॅकेटच्या भोकात जाईना. तिनं पेटीला लाल टॅग लावला, लाइन थांबवली.

रविराज तणतणत आला. “तुझं काम चेक करायचं, थांबवायचं नाही. कागद माझ्याकडं आहे, माहितीय ना?”

“माहितीय, सर. गेज तुम्ही घाला. गेलं, तर कागद फाडा.”

त्यानं घातलं, फिरवलं, दुसरा पीस घेतला. छे! ड्रिल झिजलेलं, चाळीस पीस बाद. आणि ड्रिलवाल्याच्या शीटवर पाचपर्यंत सगळं ठीक, घड्याळात सव्वातीन.

गाडी तासभर थांबली. कागदावर सही झाली.

बसमध्ये मात्र साहेब खिडकीतच. म्हणे सही वेगळी, पैज वेगळी. तिनं मोबाइलवर शब्दकोश पुढं धरला. त्यानं दोनदा वाचला. तरी म्हणाला, “तपासणंच आधी असतं.”

“मी अडवलं नसतं, तर तुम्ही गेज हातात घेतलं असतं?”

रविराजनं डबा उचलला आणि अलीकडं सरकला.