लिफ्टची वाट बघणारा मंदार

मंदार पहिल्या मजल्यावर सोसायटीच्या ऑफिसात जायलासुद्धा लिफ्टची वाट बघायचा. लिफ्ट वर कुठे अडकलेली असली तरी हा खाली उभा. कानात ती पांढरी बोंडं, खांद्यावर बॅग, मान फोनमध्ये. तेवढ्यात मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, दुधाची पिशवी घेऊन जिन्याने तिसऱ्यावर पोचून कुलूप उघडलेलं असायचं. एकदा विचारलं, "पायांना काय झालंय रे तुझ्या?" तर म्हणाला, "काही नाही काका. पण कशाला उगाच चढायचं?"

आणि ह्याची नोकरी काय, तर लोकांना चढवायची.

अंधेरीला एका कंपनीत तो मोबाइलवरचा खेळ बनवायचा. त्या खेळात एक माणूस निवडायचा, त्याला रानात सोडायचं, त्याने जनावरं मारायची, कुणाकुणाची कामं करायची, की तो एक लेव्हल वर जातो. मग पुढची जनावरं, पुढची लेव्हल. गावोगावचे लोक आपापल्या घरी बसून एकाच रानात हे उद्योग करतात. चढता चढता त्यांना कंटाळा येऊन ते पळून जाऊ नयेत, हे बघायचं काम मंदारचं. मी जन्मभर विक्रोळीच्या कारखान्यात प्रेसवर पत्रे कापले, दोन बोटांची पेरं तिथेच ठेवून आलो. हा एसीत बसून रानडुकरं मोजायचा आणि संध्याकाळी "काका, आज खूप स्ट्रेस होता" म्हणून सोफ्यावर पडायचा. आमच्या सोफ्यावर.

कारण आमच्या हिने त्याला डोक्यावर बसवला होता. शालिनी, माझी बायको. मंदार समोरच्या खोलीत भाड्याने राहायचा. चाळिशीकडे आलेला, लग्न नाही, भात लावला तर करपवायचा. ही त्याला हाक मारून माशाची आमटी वाढायची. तो हावऱ्यासारखा जेवायचा आणि जेवताना आम्हाला शहाणपण शिकवायचा. "काका, माणसाला वर जायला आवडतं. पण चढ जाणवला नाही पाहिजे. स्मूद पाहिजे, स्मूद!" हे वाक्य तो इतक्या वेळा बोलायचा की तो तोंड उघडायच्या आतच मी म्हणायचो, "स्मूद." ही हसायची. तो पण हसायचा. अपमान कळायला थोडी अक्कल लागते.

मग हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. चार-चार तास खुर्चीत पडून राहायचं, एक हात मशीनला बांधलेला. टीव्ही लावलेला असायचा, पण त्यावर कोण कुणाला ओरडतंय ते कळायचं नाही. मंदार एक दिवस म्हणाला, "काकू, माझा गेम खेळा ना. आणि कुठे बोअर होतं ते मला सांगा." मी म्हटलं, बायको आजारी आहे रे, तुझी नोकरी करायला बसलेली नाही. पण हिने हात पुढे केला.

आधी माणूस निवडायचा होता. त्याने एक लढाऊ बाई दाखवली. हिने चष्मा वर करून बघितलं. चिडली की ही मालवणीत शिरायची. "बाईमाणसाच्या अंगार कपडे खंय आसत रे मेल्या? माका नको. तो दाढीवालो दी." अशी आमची ही दाढीवाला झाली. खांद्यावर कुऱ्हाड, छाती रांजणाएवढी. खेळातली इतर पोरं तिला "भैया, इधर आओ" म्हणून बोलवायची. ही एका बोटाने लिहायची, "भैया नाय. आजी." पोरांना वाटायचं भैया मजा करतो.

लेव्हलला ती पायरी म्हणायची. खुर्चीतून उठेपर्यंत एक तरी पायरी झाली पाहिजे, हा तिचा हट्ट. नाही झाली तर संध्याकाळी मंदारची हजेरी. "चार तास हात बांधून घेतला, आणि तुझ्या त्या मेल्या खेळाने मला होती तिथेच ठेवली! मग कशाला बसायचं माणसाने?" एक हात बांधलेला म्हणून कुऱ्हाडीचं बटण पोचत नाही, अशी तिची तक्रार. पुढच्या महिन्यात ते बटण सगळ्यांसाठी दुसऱ्या बाजूलासुद्धा घेता यायला लागलं. मंदार मिरवत सांगायला आला. मी म्हटलं, "एक बटण हलवायला महिना? आमच्या फोरमनने तुला दारात उभा केला नसता."

तिचं लक्ष होतं पन्नासाव्या पायरीवर. तिथे पोचलं की समुद्राकाठी घर मिळतं. नारळ, ओटा, समोर पाणी. फोनमधलं घर! गावचं आमचं घर भावकीने कधीच गिळलं होतं, त्याबद्दल ती आयुष्यात एक शब्द बोलली नाही. आणि ह्या फोनमधल्या घरासाठी रोज रानडुकरं मारत होती. मला तिडीक यायची.

चाळिशीच्या पुढच्या पायऱ्या म्हणजे नुसतं दळण. तेच रान, तीच डुकरं, पायरी काही हलायची नाही. लोक तिथेच खेळ सोडून जायचे. मंदारला माहीत होतं. "मधला पट्टा वीक आहे काका, सुधारायचाय," हे तो मी ओळखत असल्यापासून बोलत होता. सुधारणार कसा? एकदा तो डायलिसिसला सोबत आला होता, तेव्हा हिने त्याला विचारलं, "तू खंयच्या पायरीर?"

"मी? सगळ्यात वर."

"चढान?"

तो हसायला लागला. "काकू, मला चढायची काय गरज? ऑफिसातून एक बटण दाबलं की कुठेही जाता येतं. तुम्हाला पण नेऊ का? आत्ता पन्नासवर ठेवतो."

"हात लावशीत तर बघ!" ही एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट दचकला. "माझी मी चढतलंय. आणि तू आमटीची चव न घेता लोकांक वाढतस मेल्या, लाज नाय वाटत?"

मला बरं वाटलं.

ती पन्नासाव्या पायरीला पोचली नाही. चाळिशीच्या पुढे त्या दळणातच होती, आणि एका सकाळी डायलिसिसला जायला उठवलं तर उठली नाही. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

दहाव्याला खाडीकडे पिंड ठेवले. भिंतीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. माणसाची इच्छा मागे राहिली की असं होतं. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा, की तुझं अमुक आम्ही करू. मुलगी रडत म्हणाली, "आई, बाबांना मी मुलुंडला माझ्याकडे नेते." कावळा हलला नाही. मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घेईन. भावाशी बोलेन. गावच्या घरावरचा हक्क मागेन. तुझे दागिने पोरीला देईन. एक एक आठवून बोलत होतो. कावळा भिंतीवर बसून पंख खाजवत होता. भटजींची घाई, पुढचे लोक येऊन थांबलेले. "दर्भाचा कावळा करून शिवू या का?" म्हणाले. मी म्हटलं, थांबा.

तेवढ्यात मागून तो बावळट पुढे आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नाक लाल. हात जोडून मोठ्याने म्हणाला, "काकू, पन्नास मी करतो. चढून करतो. बटण नाही दाबणार."

कावळा उतरला आणि भाताला चोच लावली.

लोकांनी "हां, शिवला, शिवला" केलं. भटजी उठले. मी मात्र तिथेच बसून राहिलो. अख्खं आयुष्य जिच्याबरोबर काढलं, तिला काय हवं होतं ते मला सांगता आलं नाही, आणि ह्या स्मूदने सांगितलं. कावळ्याला तेव्हाच भूक लागली असेल, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. कितीतरी दिवस मी मंदारशी बोललो नाही. बेल वाजली तरी दार उघडायचो नाही.

तो बेल वाजवतच राहिला. शेवटी उघडलं. हिचा फोन मागायला आला होता. माझ्यासमोरच सोफ्यावर बसून त्याने दाढीवाल्याला रानात नेला आणि डुकरं मारायला लागला. रोज ऑफिसातून आला की तेच. पहिल्यांदाच चढत होता बिचारा. चार दिवसांत तोंड उतरलं. "काय भिकार बनवलंय हे!" म्हणाला.

"कोणी बनवलं?" मी विचारलं.

"मीच."

"मग?"

"काका, हे बरोबर नाही. इतकं मारूनसुद्धा काही वाढत नाही. माणसाला वाटतं आपण केलं ते कुठे गेलं?" हेच आमची ही त्याला दोन वर्षं ओरडून सांगत होती. ह्याच्या अंगठ्याला फोड आल्यावर ह्याला कळलं. दुसऱ्या दिवशी साहेबाकडे गेला म्हणे, की मधला पट्टा मोडून नव्याने बांधू या, प्रत्येक बैठकीला माणसाच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. साहेब म्हणाला, बरं झालं आलास. गेम बंद करतोय. महिनाअखेर शेवट. तुझीही नोकरी तेव्हापर्यंतच.

हे सांगताना तो दारातच उभा होता. मी विचारलं, "बंद म्हणजे? हिचा तो दाढीवाला?"

"सगळंच जाणार काका. रान, घर, सगळं."

पायऱ्या तर अजून बऱ्याच बाकी होत्या. मी म्हटलं, "मग दाब तुझं ते बटण. ठेव तिला घरात. कोण बघतंय?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा मी आजवर त्याच्याकडे बघत आलो. "काकू नको म्हणाल्या होत्या ना. आणि मी तिथे बोललोय."

नोकरी चालली, डोक्यावर भाडं, लग्न नाही, आणि हा गाढव डुकरं हातानेच मारणार. त्यात त्याला दिवसभर नव्या नोकरीच्या मुलाखती. मी आत गेलो, चष्मा घेतला आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "पाळ्या लावू," म्हटलं. "सकाळपाळी माझी. तू मुलाखती देऊन ये, दुसरी पाळी तुझी. आणि पाळी संपल्यावर चालू मशीन हातात द्यायचं, बंद करून जायचं नाही."

"काका, तुम्हाला जमेल?"

"प्रेस चालवलाय मी. हे काय, बोट तरी तुटणार नाही."

जमत नव्हतं. माझ्या थोट्या बोटांना ती काच दाद द्यायची नाही. पहिल्या दिवशी डुकरांनी मलाच मारलं. पण ते कुऱ्हाडीचं बटण, जे हिच्यासाठी हलवलं होतं, ते माझ्या धड हाताकडे आलं, आणि मग जमलं. सकाळी चहा झाला की मी रानात. इतका टुकार खेळ मी जन्मात बघितला नाही. मुलगी फोन करायची, "बाबा, काय करताय?" मी म्हणायचो, "कामावर आहे." दुपारी मंदार यायचा, शर्ट इस्त्रीचा, तोंड पडलेलं. मुलाखतीचं विचारलं की मान हलवायचा आणि फोन हातात घ्यायचा. रानात हळूहळू माणसं दिसेनाशी झाली. भैया म्हणणारी पोरंसुद्धा गेली. एकाने जाताना लिहिलं होतं, "भैया, आप अब तक यहीं हो?" मी हिच्यासारखंच एका बोटाने लिहिलं, "हां."

शेवटच्या दिवशी दुपारी पन्नासावी पायरी झाली. मंदारच्या पाळीत झाली, हे सांगायला त्याने मला चार वेळा ढोसलं. वाजंत्री वाजली, आकाशातून काहीबाही पडलं, आणि समुद्र आला. नारळ होते. ओटा होता. घर काही फार मोठं नव्हतं. मंदारने दाढीवाल्याला ओट्यावर बसवला, कुऱ्हाड बाजूला ठेवली. पाण्याकडे तोंड करून तो दांडगा गडी पाय सोडून बसला, आणि बसताना त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. दोन्ही हात मोकळे.

मी बघत बसलो. मंदार पण. थोड्या वेळाने फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि काच काळी झाली.

"काका," तो म्हणाला, "चढ जाणवला पण."

"स्मूद," मी म्हटलं. दोघेही हसलो. मग तो रडला. मी चहा ठेवायला उठलो, कारण कुणीतरी उठायला पाहिजे होतं.

त्याला नोकरी हैदराबादला मिळाली. पुन्हा खेळच. जायच्या दिवशी माझ्या पाया पडला, दोन बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभा राहिला. लिफ्ट तळाला होती. मी म्हटलं, "उतरायचंच तर आहे, जिन्याने जा की." म्हणाला, "येईल ना काका आता." सुधारला नाही.

हिच्या वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं. मी हात जोडून काय बोलावं ते आठवत होतो, तर कावळा आधीच पानावर. मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. खाली आलो तर हैदराबादहून फोन.

"काका, आला का?"

"आला."

"लगेच?"

"तुला काय करायचंय," म्हटलं, "काम कर आपलं." आणि फोन ठेवला नाही.