काठीने आवरलेले बफेलो

माझ्या नवऱ्याला तोंड मिटून बसता आलं असतं, तर माझी निम्मी दुखणी वाचली असती. बहरीनला तुबलीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो इंजिनियर आहे, तिथल्या बहरिनी मालकाने एकदा चहा पिताना आफ्रिकेतल्या बफेलोच्या शिकारीचा विषय काढला. आमचा महाडचा वीर म्हणाला, बफेलोचं काय घेऊन बसलात, मी शाळेत असताना एकट्याने चार-चार आवरलेत. कशाने, असं मालकाने विचारलं. हा म्हणाला, काठीने.

ह्याच्या लेखी बफेलो म्हणजे म्हैस, झालं! मालकाने तिथल्या तिथे जाहीर केलं की चल शिकारीला, तिकीट माझं, तू फक्त शेजारी उभा राहा. नाही कसं म्हणायचं, म्हणून हा इंशाल्ला म्हणाला. मालकाने ते खरंच धरलं.

घरी येऊन यूट्यूबवर तो रानरेडा बघितला आणि ह्याने मोबाइल पालथा ठेवला. गोळी लागली तरी उलटून अंगावर येणारं जनावर. थ्री सेव्हंटी-फाइव्ह बोअरच्या खालची रायफल त्याला नुसती चिडवायला. त्याहून मोठी फोर फिफ्टी-एट घ्यावी, तर तिचा दणका थेट खांद्यात, आणि ह्याच्या उजव्या खांद्याचं गेल्या वर्षीच ऑपरेशन झालेलं. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मला हाक मारतो. तरी म्हणे शब्द दिलाय, आता माघार नाही. मला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

शेवटी शुक्रवारी मीच मालकाला जेवायला बोलावलं. सुरमईवर ताव मारत तो रायफली समजावत होता. नेम पक्का असेल तर थ्री सेव्हंटी-फाइव्ह पुरते, रेडा धावून आला तर फोर फिफ्टी-एटच हवी. तुला कुठली, असं त्याने नवऱ्याला विचारलं. नवरा माशाचे काटे वेचायला लागला.

"आमच्याकडे बफेलोचं दूध काढतात," मी म्हटलं. "ह्याने काठी घेऊन त्या फक्त चरायला नेल्यात."

नवऱ्याचे कान लाल झाले. मालकाने हातातला घास परत ताटात ठेवला.

"माझीही ही पहिलीच शिकार आहे," मालक हळूच म्हणाला. "सगळ्यांना सांगून बसलोय. तुझ्याच भरवशावर निघालो होतो."

दोन फुसके बार माझ्या टेबलाशी समोरासमोर! हसू दाबत मी मालकाला आणखी एक तुकडी वाढली. आता मित्रांना काय सांगू, म्हणून तो बिचारा खरंच हवालदिल झाला होता.

"माझा खांदा दुखतो म्हणून सांगा," नवरा म्हणाला. "खरंच दुखतो."