सेन्सर नवा, तरी गाडी बंद

“परवाच तुम्ही सेन्सर बदललात. गाडी पुन्हा बंद पडली,” राऊत मॅडम फोनवर म्हणाल्या. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

मॅडम तलासरीला शिक्षिका. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वापीला नेतात. अच्छाडजवळ, भर हायवेवर इंजिन बंद झालं होतं. धाब्यावरच्या लोकांनी गाडी कडेला ढकलली. ते दोघं कुणाच्या तरी टेम्पोतून वापीला पोचले, दोन तास उशिरा.

गाडी टो करून मी मसोलीच्या माझ्या गॅरेजात आणली. पंधरा वर्षं जुनी, पेट्रोलवरची. स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड मागच्यासारखाच, क्रँक सेन्सरचा. इंजिन फिरतंय की नाही, हे तो सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. सिग्नल तुटला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. गेल्या वेळी मी कोड वाचला, सेन्सर बदलला आणि गाडी देऊन टाकली होती.

इंजिन पाऊण तास चालू ठेवलं. बंद पडलंच नाही. शेवटी मॅडमना फोन लावला.

“बंद पडली तेव्हा नेमकं काय करत होता?”

“ट्रकला ओव्हरटेक. दोन्ही वेळा.”

हे मी आधी विचारलंच नव्हतं. ओव्हरटेक म्हणजे इंजिनवर जोर, आणि जोर आला की इंजिन हलतं. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये टाकली, ॲक्सिलरेटर देत क्लच थोडा सोडला. इंजिन एका बाजूला कललं आणि बंद; स्कॅनरवर पुन्हा तोच कोड.

खाली वाकून पाहिलं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं, त्यातलं एक फाटलं होतं. इंजिन कललं की सेन्सरची वायर ब्रॅकेटला घासत होती. आतली तार उघडी पडली होती, ती ब्रॅकेटला टेकली की सिग्नल तुटायचा. वायर जोडली, लांबून फिरवून बांधली, माउंटिंग नवं घातलं. काढून ठेवलेला जुना सेन्सर तपासला. तो चांगला होता.

मॅडम आल्या तेव्हा हे सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली.

“यांना बसवायच्या आधी तुम्ही बसा,” त्या म्हणाल्या.

मी शेजारच्या सीटवर बसलो. अच्छाडपर्यंत त्यांनी चार ट्रक ओव्हरटेक केले. पहिल्याच्या वेळी मी सीट घट्ट धरून बसलो होतो. इंजिन चालू राहिलं. परत येताना मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. गुरुवारी नेते.”

सिग्नल कुठला येत नाही, एवढंच स्कॅनर सांगतो. का येत नाही, ते त्याला माहीत नसतं. हल्ली मी आधी गाडी चालवणाऱ्याला विचारतो, स्कॅनर नंतर लावतो.