नाल्यापलीकडचं मैदान

भालकीच्या आमच्या फुटबॉल क्लबात मी कधी खेळलो नाही. माझा पाय चेंडूच्या आधी जमिनीला लागायचा. पण बसस्टँडजवळ माझं सायकलीचं दुकान होतं. चेंडूत हवा भरणं, ब्लॅडरला ठिगळ लावणं माझ्याकडे आलं, आणि हळूहळू सगळा क्लबच दुकानात येऊन बसायला लागला. मॅच हरली की मला जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, "खेळल्याली पोरं जेवून झोपली. तुमी कामून उपाशी?"

हा खेळ आमच्याकडे हैदराबादकडून आला. तिकडच्या पोलीस पलटणीत खेळलेला एक म्हातारा नोकरी संपवून गावी परतला होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्यानं घडवलेल्या पोरांत दोघं फार वरचढ होती. एक आमच्याच धनगर गल्लीतला फॉरवर्ड, मेंढरांमागं पळून दम कमावलेला. दुसरा सेंटर हाफ, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला, कॉलेजात शिकणारा. तो चेंडू असा सोडायचा की फॉरवर्डला मान वळवून बघावंच लागत नसे. या दोघांमुळे बिदर-उदगीरकडची माणसं आमचं नाव घ्यायला लागली होती. अजून दोन वर्षं ही पोरं टिकली तर आपण जिल्ह्यात कुणाला ऐकणार नाही, असं मी गिऱ्हाइकांना पंक्चर काढता काढता सांगायचो.

आम्ही खेळायचो ती जागा सरकारी होती. एका सकाळी तिथं खुंट्या ठोकलेल्या आणि चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. मला वाटलं, कुणीतरी आमच्यासाठी मैदान आखलंय. जवळ गेलो तर गोदामाच्या पायाची आखणी.

क्लबाची बैठक दुकानातच भरली. अध्यक्ष होते बाजारातले एक अडते, सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा. बोलणं चाललेलं असताना सेंटर हाफचा बाप आला. शेतकरी माणूस. मी स्टूल पुढं केलं, पण तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "नाल्यापल्याड माजं पडक रान हाय. सपाट हाय. पोरं खेळू द्या की तिथं."

मला तर उडी मारावीशी वाटली. बाकीचे अप्पांकडं बघायला लागले. मग अप्पा म्हणाले, "लांब पडतंय की वो."

"कुठलं लांब?" मी म्हणालो. "सायकलीवर निघालं की पोचलं."

"नाल्याला पाणी असतंय."

"पावसाळा सोडला तर नाला कोरडाच असतोय, अप्पा."

"सांजच्याला ऊन तोंडावर येतंय," दुसरा कुणी म्हणाला.

खरं कारण कुणी तोंडातून काढत नव्हतं. काढलं असतं तर मला भांडता आलं असतं. उन्हाशी कसं भांडायचं? सेंटर हाफ फॉरवर्डकडं बघत होता आणि फॉरवर्ड खाली बघत होता. बाप "बघा मग" म्हणून निघून गेला.

बैठक उठल्यावर मी फॉरवर्डला गाठलं. "तू कामून गप बसलास?"

"अण्णा, घरात तंबी देयलेत. तिकडं पाणी पिलास तर घरात यिऊ नको म्हणायलेत."

"आन उदगीरला एकाच घागरीतून पिलास ते?"

"त्ये उदगीरला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उस्तादनं कुणाला न विचारता चेंडू उचलला आणि नाला ओलांडला. "जिसको खेलना है, आ जाए," एवढंच म्हणाला. निम्मी टीम आली. उरलेली जागा वस्तीतल्या पोरांनी भरून काढली. मी दुकान लवकर बंद करून रोज तिथं जायला लागलो. पोरं जीव तोडून खेळायची, पण सेंटर हाफ सवयीनं चेंडू डावीकडं फॉरवर्डसाठी सोडायचा आणि तिथं तो नसायचा. चेंडू सरळ बाभळीत. दर वेळी माझ्या तोंडून शिवी निघायची, कुणाला ते मलाच कळत नसे. तिकडे अप्पांनी उरलेली पोरं घेऊन शाळेच्या आवारात व्हॉलीबॉलची जाळी बांधली आणि क्लबाची पाटी तिथं लावली.

त्याच हिवाळ्यात आम्ही उदगीरला मॅच खेळायला गेलो. हाफ टाईमपर्यंतच आमची पार दैना झाली होती. तेवढ्यात मला गर्दीत फॉरवर्ड दिसला. दुसऱ्या बसनं एकटाच आला होता. उस्तादनंही बघितलं. त्यानं एकाचा शर्ट काढून घेतला आणि फॉरवर्डच्या अंगावर टाकला. थोड्याच वेळात सेंटर हाफनं मान वर न करता चेंडू डावीकडं सोडला, आणि या वेळी तिथं माणूस होता. गोल! मी ओरडलो ते घसा बसेपर्यंत. मॅच आम्ही हरलोच. तरी परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसून हसत होती, आणि मला वाटलं, जमलं आता सगळं.

गाव दिसायच्या आधीच्या फाट्यावर फॉरवर्ड उठला. "मी हितून चालत जातो," म्हणाला. सेंटर हाफ खिडकीबाहेर बघत राहिला. फॉरवर्ड पुन्हा आमच्यात खेळला नाही.

पुढं आम्ही खेळायचो त्या पडकात विहीर खणली, तिला पाणी लागलं. सेंटर हाफचा बाप स्वतः दुकानात आला. या वेळी स्टुलावर बसला. "ऊस लावायलाव," म्हणाला. चेहऱ्यावर आनंद होता आणि अवघडलेपणही.

"लावा की," मी म्हणालो. त्याला दुसरं काय म्हणणार? सगळ्या गावात जागा देणारा तो एकटा होता. चिडायचं तर कुणावर, म्हणून मी दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिलो. उस्ताद लेकीकडं हैदराबादला गेला. सेंटर हाफ मास्तर होऊन गुलबर्ग्याला गेला.

बऱ्याच वर्षांनी अप्पा दुकानात टेकले. थकले होते. म्हणाले, "ती आपली पोरं काय खेळायची वो! कामून बंद पडलं ते?"

ते खरंच विचारत होते. मग मात्र मला राहवलं नाही. भर दुकानात, चार माणसं ऐकतायत हे बघूनसुद्धा, मी सगळं मोठ्यानं बोललो. कोण कुणाच्या घागरीला घाबरलं तेही. अप्पा म्हणाले, "तसं काय नव्हतं, बाबा," आणि काठी टेकत उठले. त्यानंतर ते दुकानाच्या बाजूनं यायचे बंद झाले.

आता शाळेच्या मागं काही पोरं रबरी चेंडू लाथाडतात. परवा मी हेडमास्तरांना विचारलं, संध्याकाळी आवार उघडं ठेवता का. ते म्हणाले, परीक्षा होऊ द्या. परीक्षा झाल्या. परत गेलो तर म्हणाले, सुट्टीनंतर बघू.