एका तुकड्याला एकच खूण

अकोल्याच्या लोखंडी कारखान्यात नकाशे काढायची नोकरी लागली, तेव्हा मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या आमच्या वस्तीतून टेबलखुर्चीवर बसणारा मी पहिला. कारखान्यात छपरं पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाडे, बनत. तुकडे इथे कापून, भोकं पाडून पाठवायचे आणि जागेवर जोडायचे. कुठला तुकडा कुठे, हे ओळखायची रीत म्हाताऱ्या मिस्त्रीची होती: डाव्या बाजूच्या तुकड्यावर पंच ठोकून पाडलेला एक ठिपका, उजव्यावर दोन. तो आमच्याच वस्तीतला. त्याला वाचता येत नव्हतं.

मला त्या ठिपक्यांची लाज वाटे. मी नियम केला. तुकड्यावर माझ्या यादीतलाच नंबर ठोकायचा. दुसरी कसलीही खूण दिसली तर ती घासून आणायची. तपासायला एक कारकून बसवला.

कारकुनाने यादी वाचून दाखवली आणि मिस्त्री तडक माझ्याकडे आला.

"सायेब, डाव्या-उजव्याले एकच नंबर कसा? भोकं तं उलटी हायेत."

"यादीत आहे तसं ठोका," मी म्हणालो. नकाशा उघडण्याचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. त्याने जाऊन ठिपके घासले. कारकुनाने सगळं पास केलं.

अंजनगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यावर तुकडे नंबराप्रमाणे चढवले गेले. भोकं जुळेनात, म्हणून जोडणाऱ्यांनी तिथेच नवी पाडली. कैच्या वाकड्या बसल्या. सगळं खाली उतरवावं लागलं.

मालक कारखान्यात येऊन गरजला, "नंबर कोनं ठोकले?" सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "अडानी मानसाच्या हाती काम देलं की असंच होते," म्हणत त्याने मिस्त्रीला तिथल्या तिथे काढून टाकलं. माझ्यासमोर नकाशा उघडा होता. चूक माझी होती, ती मला स्वच्छ दिसत होती.

मिस्त्री हातोडा घ्यायला आला आणि हळूच म्हणाला, "तू चूप राय, बापू. आपल्या वस्तीतला तू पयला टेबलावर बसला. माहं काय, मी कुठीबी घन मारून खाईन."

त्याच्या शब्दाखातर गप्प राहिलो, असं मी पुढे घरी सांगत आलो. पण तो हे बोलला तेव्हा मालक केव्हाच निघून गेला होता, आणि तोवर मी गप्पच होतो.